ऊसतोड टोळीचा हिशोब अडला, तर देवळाच्या, मशिदीच्या, विहाराच्या कमिटीनं काय करावं आणि कोणत्या क्रमानं

वाळवा, पलूस, कडेगाव, कराड, कोरेगाव. उसाच्या यांतल्या कुठल्याही तालुक्यात नोव्हेंबर लागला की गावाबाहेरच्या मोकळ्या रानात खोपी उभ्या राहतात. टोळ्या बीड, जालना, अहिल्यानगरकडच्या असतात, तशा आपल्याच जत, आटपाडी, माणच्याही असतात. गावातली भजनी मंडळं, मशिदीची जमात, विहाराची समिती, जैन मंदिराचे ट्रस्टी, चर्चची मंडळी त्यांना ब्लँकेटं देतात, सप्ताहाच्या पंगतीला बोलावतात. चांगलंच आहे. पण हिशोब अडला, किंवा एखाद्या कोयत्याला (तोडणीच्या जोडप्याला) घरी जाऊ देईनात, की हीच मंडळी दोनपैकी एक गोष्ट करतात. कारखान्याच्या ओळखीच्या संचालकाला फोन लावतात, नाहीतर व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकतात. दुसऱ्या दिवशी टोळी त्या रानात नसते. टोळी जमवून आणणाऱ्या मुकादमानं ती रातोरात दुसऱ्या गटात हलवलेली असते आणि ज्यानं तोंड उघडलं त्याच्या नावावर खाडे (गैरहजेरीचे दिवस) चढलेले असतात.

इथे चुकतो तो क्रम. मजुराची संमती आधी, मग कागद, मग प्रश्नाची वर्गवारी, मग बोलणी आणि शेवटी अर्ज. खाली तोच क्रम सविस्तर दिला आहे. ऊसतोडीवर लिहिलंय, पण तासगावकडची बेदाणा शेडं, वीटभट्ट्या, विट्याचे यंत्रमाग किंवा कुपवाड-शिरवळचे कंत्राटी कामगार यांनाही बराचसा भाग जसाच्या तसा लागू पडतो.

टप्पा १ : आधी स्वतःच्या कमिटीची झाडाझडती

हा टप्पा जवळजवळ सगळेच वगळतात आणि पुढे इथेच अडकतात.

आपल्याकडे देवस्थानचा ट्रस्टी बहुधा स्वतः ऊस उत्पादक असतो, कारखान्याचा सभासद असतो. कधी त्याच्या मुलाचा ट्रॅक्टर तोडणी-वाहतुकीला लागलेला असतो. भंडाऱ्याची मोठी वर्गणी कारखान्याशी संबंधित माणसाकडून आलेली असते. यात लपवण्यासारखं काही नाही, मात्र ते बैठकीत मोठ्यानं बोललं गेलं पाहिजे. ज्याचा ट्रॅक्टर त्याच मुकादमाकडे आहे, त्यानं या कामात पुढे होऊ नये. त्यानं चहाचा खर्च करावा, हिशोबाला बसू नये.

नंतर ट्रस्टची घटना काढून उद्देश वाचा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेल्या ट्रस्टचा पैसा घटनेतल्या उद्देशासाठीच खर्च करता येतो. ‘गरजूंना मदत’ असा उद्देश असेल तर प्रवासखर्च, झेरॉक्स, औषधपाणी ठराव करून टाकता येईल. नसेल तर ट्रस्टच्या पेटीला हात लावू नका, सभासदांनी वेगळी वर्गणी काढावी आणि तिची वही वेगळी ठेवावी. वक्फच्या संस्थांचे नियम वेगळे आहेत, तिथे मुतवल्लींना (वक्फच्या व्यवस्थापकांना) विचारूनच पुढे जा.

तिसरी गोष्ट पक्षाची. धार्मिक संस्था (दुरुपयोग प्रतिबंध) अधिनियम, १९८८ नुसार धार्मिक संस्थेची जागा राजकीय कामासाठी वापरता येत नाही. आपल्या भागात साखर कारखाना आणि राजकारण वेगळं काढणं अवघड. कारखान्याची निवडणूक जवळ आली असेल तर विरोधी पॅनेलचे लोक तुमच्या बैठकीला आपोआप उगवतील, त्यांना नम्रपणे बाहेर ठेवा. मजुराचा अर्ज एकदा ‘त्या गटाचा’ ठरला की तो मेला म्हणून समजा.

चौथी, माणसं निवडणं. पाचजण पुरेत, त्यांत किमान दोन बायका हव्यात. एकाला हिशोब यावा, एकाला शासकीय अर्जाची भाषा यावी. टोळीत बंजारा, वंजारी, मातंग, बौद्ध, मुस्लिम अशी मिश्र माणसं असतात, म्हणून दोन-तीन धर्मस्थळांच्या कमिट्यांनी एकत्र येऊन हे पाचजण निवडले तर विश्वास लवकर बसतो. देवळाची माणसं एकटी गेली तर विहारात जाणारा मजूर मागेच उभा राहतो, आणि उलटही तेच.

> तपासा : ठराव वहीत लिहिला का? कोणाचे हितसंबंध कुठे आहेत ते नोंदलं का? बाहेर बोलणारा एकच माणूस ठरला का? या तिन्हींचं उत्तर ‘हो’ असेपर्यंत टोळीच्या तळावर जाऊ नका.

टप्पा २ : हंगामाचं वेळापत्रक समजून घेणं

उचल, म्हणजे मजुरीपोटीची आगाऊ रक्कम, साधारण पावसाळ्यात, दिवाळीच्या आधीच वाटली जाते. टोळ्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतात. मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडतो, म्हणजे कारखाना बंद होतो, आणि दोन-चार दिवसांत तळ रिकामा होतो.

तक्रारी उफाळतात त्या पट्टा पडताना, कारण हिशोब तेव्हाच होतो. पण कागद गोळा करायची वेळ असते नोव्हेंबर ते जानेवारी. मार्चमध्ये जागं होणाऱ्या कमिटीच्या हाती ट्रकमध्ये चढणाऱ्या माणसाचा फोन नंबर तेवढा लागतो. म्हणून ब्लँकेट वाटायला जाता त्याच महिन्यात वह्याही घेऊन जा. औदुंबरची दत्तजयंती, पुसेगावची सेवागिरींची यात्रा, मांढरदेवची पौषातली यात्रा हे सगळं ऐन हंगामात येतं. यात्रेच्या नियोजनात मंडळाची माणसं अडकतात आणि तळावरच्या फेऱ्या थांबतात, तेव्हा या दिवसांसाठी पाळ्या आधीच लावून घ्या.

टप्पा ३ : तळावर जाणं आणि संमती घेणं

टोळी पहाटे अंधारात फडावर जाते. गाडी भरेपर्यंत कधी रात्र होते. आपल्या सोयीनं सकाळी दहाला गेलात तर तळावर म्हातारी माणसं आणि लहान पोरं भेटतील. बायकांना विचारून वेळ ठरवा, कारण पाणी, सरपण, स्वयंपाक यातून त्या कधी मोकळ्या होतात ते त्यांनाच ठाऊक. बायकांशी बोलायला बायकांनीच जावं. फडावर शौचालय नाही, पाळीच्या दिवसांत सुट्टी घेतली तर खाडा लागतो, रात्री गाडी भरताना त्रास होतो, असल्या गोष्टी कुठलीही मावशी मंडळाच्या अध्यक्षासमोर बोलणार नाही.

पहिल्या भेटीत तक्रार विचारूच नका. गाव कुठलं, पोरं किती, शाळेचं काय, रेशन मिळतं का, एवढं बोला. रेशनचं काम तर लगेच होण्यासारखं असतं. एक देश एक रेशन कार्ड योजनेत अंगठा लावून आपल्या गावच्या दुकानातही धान्य मिळतं. पोरांना गावच्या शाळेत वर्षाच्या मध्येही प्रवेश द्यावा लागतो, दाखला नाही म्हणून अडवता येत नाही. मूळ शाळेचं शिक्षण हमी पत्रक असेल तर काम आणखी सोपं. अंगणवाडी ताईंना तळावर घेऊन जा. अशी दोन कामं झाली की तिसऱ्या भेटीला माणूस आपणहून हिशोबाचं काढतो.

तो बोलायला लागला की त्याला चार गोष्टी स्पष्ट विचारा. तुझं नाव बाहेर सांगायचं का? कोणाला सांगायचं, कोणाला नाही? बायकोला हे माहीत आहे का, तिचं म्हणणं काय? आणि मुकादमानं त्रास दिला तर तुला जायला जागा आहे का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल तर आधी जागेची सोय करा. धर्मशाळेची एक खोली, विहाराचा हॉल, चर्चचं आवार, काहीही चालेल. पण ते आधी ठरलेलं असावं, रात्री अकराला शोधायला लागू नये.

> सावध : मुकादमासमोर मजुराला प्रश्न विचारू नका. तळावर फोटो, व्हिडिओ काढू नका. ब्लँकेट हातात देतानाचा फोटो मंडळाच्या अहवालाला शोभतो, मजुराच्या काहीच कामाचा नसतो, आणि पुढे मुकादम त्याच फोटोवरून माणसं ओळखतो. मदत घेणाऱ्याला आरतीला, नमाजला, वंदनेला, प्रार्थनेला यायला सांगायचं नाही, सुचवायचंही नाही.

टप्पा ४ : कागद. खरं काम इथे आहे

प्रत्येक कोयत्याला एक छोटी वही द्या. कोयता म्हणजे बहुधा नवरा-बायकोची जोडी. व्यवहारात नाव फक्त नवऱ्याचं लागतं, उचल त्याच्या हातात, हिशोब त्याच्याशी. वहीत मात्र दोघांची नावं वेगवेगळी लिहा, दोघांचे आधार, दोघांची बँक खाती. बाईनं तोडलेल्या उसाची तिच्या नावानं कुठेच नोंद नसते, ती निदान या वहीत तरी राहील.

वहीत पुढचं असावं :

१. उचल किती घेतली, कोणाकडून, कोणत्या तारखेला, रोख की खात्यावर, साक्षीला कोण होतं.

२. कशावर सही किंवा अंगठा घेतला. कोरा स्टँप, कोरा चेक, इसार पावती, गाडीची किंवा बैलाची कागदपत्रं.

३. रोजच्या खेपा. वजनकाट्याच्या पावतीवर कारखान्याचं नाव, टोळीचा किंवा वाहनाचा क्रमांक, वजन आणि तारीख असते. पावती वाहनवाल्याकडे जाते, म्हणून ती जाण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवायला टोळीतल्या एखाद्या शिकलेल्या पोराला सांगा. हा एक फोटो बाकी सगळ्या कागदांना भारी पडतो. कारण पुढे कारखाना हमखास म्हणणार, ‘आमचा करार वाहतूकदाराशी, मजूर आमचे नाहीत’. त्यावर मजुराला कारखान्याशी जोडणारा कागद हाच.

४. खाडे. कोणत्या दिवशी, का, किती पैसे कापले.

५. मधल्या काळात घेतलेली खर्ची (हातखर्चाचे पैसे), किराणा, दवाखान्याचे पैसे.

हिशोब मांडायची पद्धत आकड्यांतच दाखवतो. समजा दहा कोयत्यांच्या टोळीनं हंगामात २,२०० टन ऊस तोडला आणि ठरलेला दर टनाला ३६६ रुपये आहे. टोळीची मजुरी ८,०५,२०० रुपये, एका कोयत्याच्या वाट्याला ८०,५२०. उचल ७०,००० असेल तर १०,५२० रुपये मजुराचे येणे निघतात. मुकादम मात्र म्हणतो, ‘उलट तुझ्याकडेच नऊ हजार फिरलेत’. फरक कुठून आला? बहुधा तीन ठिकाणांहून. खाड्याचे पैसे मन मानेल तसे लावलेले असतात. टनेज कमी धरलेलं असतं. किंवा मुकादमाचं कमिशन मजुरीतूनच वजा केलेलं असतं. कमिशन मजुरीच्या दराखेरीज वेगळं दिलं जातं, ते मजुराच्या पैशातून जात नाही. ही एक ओळ तपासली तरी कित्येक हिशोब सरळ होतात.

दर मात्र सगळ्यांना एकच नसतो. बैलगाडी, गाडी सेंटर, डोकी सेंटर या तोडणी-वाहतुकीच्या प्रकारांप्रमाणे तो बदलतो. जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ आणि ऊसतोड संघटनांच्या वाटाघाटीत ३४ टक्के वाढ ठरली होती. चालू हंगामाचं दरपत्रक कारखान्याच्या शेतकी खात्यातून किंवा संघटनेकडून मागून घ्या. ऐकीव दरावर हिशोब मांडला तर पहिल्याच बैठकीत तोंडावर पडाल.

> तपासा : वही मजुराकडेच आहे ना? कमिटीकडे फक्त प्रत असावी. आधार कार्ड, रेशन कार्ड, मूळ पावत्या ‘सांभाळायला’ म्हणूनही ताब्यात घेऊ नका. कागद अडकवून ठेवणं हीच तर मुकादमाविरुद्धची तक्रार असते.

टप्पा ५ : प्रश्न कोणत्या प्रकारचा, हे ठरवणं

सगळे प्रश्न एकाच दारात जात नाहीत.

*नुसता पैशाचा वाद* असेल, माणूस मोकळा हिंडतो-फिरतो, घरी जाऊ शकतो, तर आधी बोलणी, मग कामगार कार्यालय.

*माणसाला जाऊ देत नसतील* तर प्रकरण वेठबिगारीचं आहे. ‘उचल फिटल्याशिवाय हलायचं नाही’ म्हणणं, बायको किंवा पोरगं मागे ठेवून घेणं, फोन, आधार किंवा बैल अडकवणं, रात्री तळावर पाळत ठेवणं ही त्याची लक्षणं. इथे मध्यस्थी करायची नाही. वेठबिगार पद्धती (निर्मूलन) अधिनियम, १९७६ नुसार याची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांवर आणि त्यांनी अधिकार दिलेल्या अधिकाऱ्यांवर आहे. लेखी तक्रार जिल्हाधिकारी आणि प्रांत (उपविभागीय अधिकारी), दोघांच्या नावे द्या. कराड, फलटण, विटा, मिरज अशा ठिकाणी प्रांत कार्यालयं आहेत, साताऱ्याला किंवा सांगलीला पळायलाच पाहिजे असं नाही. या कायद्यात दोन गोष्टी मजुराच्या बाजूच्या आहेत. कर्ज वेठबिगारीचं नाही, हे सिद्ध करायची जबाबदारी उचल देणाऱ्यावर असते. आणि वेठबिगारी ठरली तर ते कर्ज फेडायचं बंधन उरत नाही. सुटका झाल्यावर मुक्ती प्रमाणपत्राचा आग्रह धरा. केंद्राच्या पुनर्वसन योजनेत तातडीची मदत ३० हजार रुपयांपर्यंत आहे, पुढची रक्कम प्रकारानुसार एक ते तीन लाख. ‘सोडवलं ना, आता घरी जाऊ दे’ म्हणून विनाकागद गाडीत बसवून दिलं तर हे सगळं हातचं जातं.

मजूर अनुसूचित जाती किंवा जमातीचा असेल आणि राबवून घेणारा अनुसूचित जाती-जमातीचा नसेल, तर बेगार करून घेणं हा ॲट्रॉसिटी कायद्याखालीही गुन्हा आहे. तक्रारीत जातीचा उल्लेख स्पष्ट करा. गावकीच्या भीडेपोटी हा उल्लेख गाळायचा सल्ला देणारे बरेच भेटतील, ते ऐकू नका.

*मारहाण, छेडछाड, बलात्कार* असेल तर ११२ आणि पोलीस ठाणे. कमिटीनं ‘आपापसात मिटवू’ हा शब्दही काढायचा नाही. बायकांसाठी १८१ आहे. *लहान मूल कामावर असेल* किंवा एकटं राहत असेल तर १०९८. *अपघात* झाला तर सरकारी दवाखान्यात नेऊन, ऊस तोडताना किंवा गाडी भरताना लागलं, असं केसपेपरवर लिहून घ्या. ‘घरी पडला’ असं लिहिलं गेलं की भरपाईचा दावा तिथेच लंगडा होतो.

> सावध : शेतकऱ्याची तक्रार असते की टोळी खुशालीचे (शेतकऱ्याकडून वरून मागितलेले) पैसे घेतल्याशिवाय उसाला हात लावत नाही. ती खरी असू शकते. उचल घेऊन मुकादम पळाल्यानं बुडालेले वाहतूकदार आपल्याच गावात आहेत, हेही खरं. पण हे वाद मजुराच्या हिशोबात कालवू नका. ‘तुम्ही खुशाली घेता, मग आम्ही का मदत करू’ असं कमिटीत कोणी म्हणालं, तर त्याचा विषय वेगळ्या बैठकीत घ्या.

टप्पा ६ : बोलणी

फक्त पैशाच्या वादासाठी. जागा गाभाऱ्यासमोरची नको, सभामंडप नको, मशिदीचं आवारही नको. ग्रामपंचायतीचा हॉल किंवा शाळेची खोली बरी. मुकादम, वाहतूकदार आणि कारखान्याचा शेतकी अधिकारी अशा तिघांनाही चार दिवस आधी लेखी बोलवा. एकट्या मुकादमाशी बोलून उपयोग होत नाही, तो वाहतूकदाराकडे बोट दाखवतो, वाहतूकदार कारखान्याकडे. तिघे एका टेबलाला असले की बोट दाखवायला माणूस उरत नाही.

मजूर स्वतः बसलेला असला पाहिजे, बायकोसह. कमिटी त्याच्या शेजारी बसते, त्याच्या जागी नाही. पहिला अर्धा तास फक्त आकडे वाचा. ‘गरीब माणूस आहे, सोडून द्या’ या वाक्यानं सुरुवात केली की येणे रकमेची दया होते, आणि दयेत घासाघीस करता येते.

आता आपल्याकडची खास चूक. बोलणी अडली की कोणीतरी म्हणतो, ‘उचल बेलभंडारा, घे देवाची शपथ, किती पैसे घेतलेस सांग’. हे कदापि करू देऊ नका. पालीच्या खंडोबाचा भंडारा हातात दिला तर भोळा मजूर न घेतलेली रक्कमही कबूल करतो, आणि सराईत माणूस बिनधास्त खोटं बोलतो. शपथेनं हिशोब सुटत नाही, पावतीनं सुटतो. शिवाय ज्या देवाच्या नावावर आपण मदतीला उभे राहिलो, त्याचंच नाव धाक म्हणून वापरणं मला तरी मान्य नाही.

दुसरी चूक दंडाची. ‘मुकादमाला गावात पाणी देऊ नका’, ‘त्याच्या घरच्या लग्नाला कोणी जायचं नाही’ असले ठराव जोशात होतात. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा कायदा आहे. असा ठराव केला तर गुन्हा कमिटीवर दाखल होईल, मुकादम साळसूद ठरेल.

तोडगा निघाला तर त्याच बैठकीत लिहा. रक्कम अक्षरी, तारीख, कोण देणार, कोणत्या खात्यात. सही केलेला कोरा स्टँप आणि चेक परत मिळाल्याची ओळ त्यात असलीच पाहिजे. रोखीचा तोडगा शक्यतो नको. रोखीनेच द्यायचं ठरलं तर पैसे बाईच्या हातात, पावती दोघांच्या सहीनं.

> तपासा : मजुराला कागद वाचून दाखवला का? बंजारा तांड्यावरच्या माणसाला त्याच्या गोरमाटी बोलीत समजावणारं कोणी होतं का? अंगठा घेण्याआधी त्याला ‘नाही’ म्हणायची मोकळीक होती का?

टप्पा ७ : अर्ज

ठरल्या तारखेला पैसे आले नाहीत तर लगेच जिल्ह्याच्या ठिकाणी, सांगलीला किंवा साताऱ्याला, कामगार विभागाच्या कार्यालयात अर्ज. बहुतेक कमिट्या इथे ट्रस्टच्या लेटरहेडवर निवेदन देतात, मंत्री, आमदार, पालकमंत्री अशा सगळ्यांना प्रती पाठवतात आणि पेपरात बातमी आली की काम झालं असं समजतात. निवेदन म्हणजे दावा नव्हे. मजुरीचा दावा मजुरानं स्वतः, तो सभासद असलेल्या नोंदणीकृत संघटनेनं किंवा सरकारी निरीक्षकानं करायचा असतो. देवस्थान ट्रस्टला तो करता येत नाही. कमिटीचं पत्र साक्षीदार म्हणून सोबत जोडा, इतकंच.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आहेत. वेतन संहिता, २०१९ नुसार दाव्याची मुदत तीन वर्षांची आहे, आणि थकलेल्या रकमेच्या दहा पटींपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार प्राधिकाऱ्याला आहे. कंत्राटदारानं मजुरी दिली नाही तर आस्थापनेच्या मालकावर जबाबदारी टाकणारी तरतूदही त्यात आहे, म्हणून अर्जात मुकादम, वाहतूकदार आणि कारखाना अशा तिघांनाही सामनेवाले करा. कलमांची जंत्री घालत बसू नका. घटना, तारखा, आकडे नीट असले की कलमं वकील घालतो.

मजकूर साधारण असा :

> मी, ______, रा. ______, ता. ______, जि. ______, माझी पत्नी ______ हिच्यासह सन ______ च्या गळीत हंगामात ______ कारखान्यासाठी मुकादम ______ आणि वाहतूकदार ______ यांच्यामार्फत ऊसतोडणी केली. काम ______ ते ______ या काळात मौजे ______ येथे केले. आमच्या कोयत्याच्या वाट्याला ______ टन येतात. टनाला ______ रुपये दराने मजुरी ______ रुपये होते. उचल ______ व खर्ची ______ वजा जाता ______ रुपये येणे आहे. ते मिळालेले नाही. दिनांक ______ च्या बैठकीत देण्याचे कबूल केले होते, त्याची प्रत जोडली आहे. वजन पावत्यांचे फोटो, वहीची प्रत व बँक खाते उतारा सोबत आहे. मी दिनांक ______ रोजी गावी परत जात असून माझा फोन क्रमांक ______ आहे.

शेवटचं वाक्य विसरू नका. सुनावणीची नोटीस रिकाम्या रानातल्या खोपीच्या पत्त्यावर जाते आणि ‘अर्जदार गैरहजर’ असा शेरा पडतो. मूळ गावचा पक्का पत्ता आणि टिकणारा फोन नंबर द्या. शक्य असेल तर त्याच्या गावातल्या एखाद्या शिक्षकाचा किंवा विहाराच्या, मंदिराच्या माणसाचा नंबर त्याच्या संमतीनं घेऊन ठेवा.

वकिलासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. फोन १५१००. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि बेगारीचे बळी यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. अर्ज पत्नीच्या नावानंही केला तर हा मार्ग सरळच मोकळा होतो.

> तपासा : आवक क्रमांक आणि शिक्का असलेली पोच घेतली का? पोच नसलेला अर्ज दिलाच नाही असं धरा.

टप्पा ८ : अर्जानंतर

पहिले पंधरा दिवस धोक्याचे. टोळी अजून तळावर असेल तर रोज संध्याकाळी कोणीतरी चक्कर टाका, काही न विचारता. धमकी आली तर तारीख, वेळ, शब्द वहीत लिहा आणि त्याच दिवशी पोलिसांत अर्ज द्या.

गावातही दबाव येईल. ‘देवळाचं काम करा, कारखान्याच्या भानगडीत कशाला पडता’ असं एखादा वजनदार माणूस पारावर सुनावेल. पुढच्या सप्ताहाची वर्गणी आटेल. हे गृहीत धरून ठरावाच्या वेळीच बोलून ठेवलेलं असेल तर कमिटी फुटत नाही. बाहेर बोलणारा एकच माणूस, हा नियम इथे सगळ्यात उपयोगी पडतो.

मजूर गावी निघण्याआधी दोन कामं उरकून घ्या. ई-श्रम कार्ड नसेल तर काढून द्या. आणि गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठीचं ओळखपत्र मूळ गावच्या ग्रामसेवकाकडून मिळतं, हे त्याला सांगून ठेवा. ते आपल्या गावातून निघत नाही, त्यासाठी इथे खेटे घालायला लावू नका.

दर महिन्याला कार्यालयात जाऊन अर्ज कुठल्या टेबलावर आहे ते विचारायचं आणि मजुराला फोन करून सांगायचं. काही झालं नसलं तरी ‘काही झालं नाही’ असा फोन करायचा. तो तिकडे पुढच्या हंगामाची उचल घ्यायच्या बेतात असतो. जुना दावा चालू असताना त्याच मुकादमाकडून नवी उचल घेतली की जुना हिशोब नव्यात मिसळतो, आणि ‘मागचं सगळं मिटलं’ असा मजकूर नव्या स्टँपवर येतो. श्रावणाच्या आसपास एक फोन खास याच्यासाठी करा.

नावांची यादी, आधारच्या प्रती, तळावरच्या नोंदी ट्रस्टच्या कपाटात ठेवू नका. त्या कपाटाच्या किल्ल्या किती जणांकडे आहेत ते कोणालाच नक्की माहीत नसतं. फाइल एका माणसाकडे, कुलपात, आणि दावा निकाली निघाला की त्या मजुराला विचारून प्रती नष्ट करा.